भाजीपाल्यासाठी भरखत आणि वरखत यांचा मेळ

भाजीपाल्याचे पीक थोड्या दिवसांत भरघोस उत्पन्न देते आणि तितक्याच वेगाने जमिनीतील अन्नद्रव्ये उचलते. ज्वारी-बाजरीच्या मानाने टोमॅटो, वांगी, कोबी यांची खताची भूक मोठी असते. ही भूक भागविण्याबाबत ग्रामीण भागात दोन टोकांची मते आढळतात. रासायनिक खताने जमीन मरते, म्हणून केवळ शेणखतच वापरावे, असे काही जण मानतात. तर उकिरड्याची दगदग कशाला, युरियाचे पोते फोडले की काम झाले, अशी इतरांची धारणा असते. दोन्ही मते अपुरी आहेत. भरखत आणि वरखत यांची कामेच वेगळी असून एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

दोन खते, दोन कामे

चांगल्या कुजलेल्या शेणखतात सरासरी अर्धा टक्का नत्र असते. हेक्टरी २० टन खत घातल्यास जमिनीत सुमारे १०० किलो नत्र पडते. परंतु जिवाणूंनी विघटन केल्यावरच ते मुळांना मिळते. पहिल्या हंगामात त्यातील साधारण एक-तृतीयांश भागच पिकाच्या वाट्याला येतो. टोमॅटोच्या सुधारित वाणांसाठी हेक्टरी २० टन शेणखताबरोबरच २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद व १०० किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. यातील २०० किलो नत्र एकट्या शेणखतातून पुरवायचे ठरविल्यास हेक्टरी सुमारे १२० टन खत लागेल. सामान्य शेतकऱ्याला ते शक्य नाही.

याउलट, युरियात ४६ टक्के नत्र असते आणि ते पिकाला लवकर मिळते. पण त्याने जमीन भुसभुशीत होत नाही, ओलावा टिकत नाही आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची उणीव भरून निघत नाही. नत्राचा अतिरेक झाल्यास झाड पालेदार वाढते, फळधारणा मागे पडते आणि रस शोषणाऱ्या किडींना आमंत्रण मिळते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये देशात दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. केवळ नत्र दिलेल्या जमिनींचे उत्पादन कालांतराने घसरले आणि संतुलित रासायनिक खतांना शेणखताची जोड दिलेल्या जमिनींनी ते टिकविले, असे त्यांत दिसून आले. हे प्रयोग मुख्यत्वे धान्यपिकांवरील असले, तरी जमिनीविषयीचा हा धडा भाजीपाल्यालाही लागू पडतो.

उकिरड्याचे खत करावे

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. शास्त्रीय रीतीने कंपोस्ट केल्यास मात्र तीन ते चार महिने पुरतात. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी केलेल्या कार्यातून ‘इंदूर पद्धत’ पुढे आली. १९३१ मध्ये त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या पांढरीपांडे यांनी कमी शेणात अधिक खत देणारी, जाळीदार विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली.

पालापाचोळा, पिकांचे अवशेष, शेण व माती यांचे थर द्यावेत. पिळलेल्या कापडाइतका ओलावा राखावा. इंदूर पद्धतीत ढीग अधूनमधून उलथावा. खत काळसर, भुसभुशीत व मातीच्या वासाचे झाले, हाताला गरम लागेनासे झाले, की ते तयार समजावे. अर्धवट कुजलेले खत घातल्यास कुजविणारे जिवाणू जमिनीतीलच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. हुमणी व वाळवी यांचा उपद्रवही वाढतो.

एका गुंठ्याचा हिशोब

शाळेची परसबाग असो वा शेतातील तुकडा, एका गुंठ्यावरील टोमॅटोसाठी वरील शिफारशीचा हिशोब असा होतो :

• कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट : २०० किलो
• युरिया : सुमारे ४.३५ किलो
• सिंगल सुपर फॉस्फेट (१६ टक्के) : ६.२५ किलो
• म्युरेट ऑफ पोटॅश (६० टक्के) : सुमारे १.७ किलो

कंपोस्ट लागवडीपूर्वी पंधरा-वीस दिवस मातीत मिसळावे. लागवडीच्या वेळी संपूर्ण सुपर फॉस्फेट व पोटॅश आणि निम्मा युरिया द्यावा. सुपर फॉस्फेट थोड्या कंपोस्टमध्ये मिसळून सरीत दिल्यास चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद अडकून पडण्याचे प्रमाण घटते. उरलेला युरिया ३० व ४५ दिवसांनी समान हप्त्यांत, खोडापासून थोडे दूर बांगडी पद्धतीने देऊन मातीने झाकावा व हलके पाणी द्यावे. उघड्यावर टाकलेल्या युरियातील नत्र हवेत उडून जाते. युरिया राखेत किंवा चुन्यात कधीही मिसळू नये.

हे प्रमाण सर्वसाधारण आहे. माती परीक्षणानुसार त्यात बदल करावा. त्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेचा आधार घेता येतो.

पंचायत आणि शाळा

गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाणारे शेण आणि बांधावर पेटविला जाणारा पालापाचोळा हे जमिनीचेच धन आहे. ते जळाले की त्यातील नत्र पोत्याच्या रूपाने विकत घ्यावे लागते आणि सेंद्रिय द्रव्य तर कोणत्याच पोत्यात मिळत नाही. ग्रामपंचायतीने गावातील ओला कचरा काच व प्लॅस्टिकपासून वेगळा करून खड्ड्यांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी परसबागेत तीन वाफे आखावेत : एक केवळ कंपोस्टचा, एक केवळ रासायनिक खताचा आणि एक दोहोंचा. विद्यार्थ्यांनी प्रत्येक तोडणीचे वजन फळ्यावर मांडले, तर तो हिशोब त्यांच्याबरोबर घरोघरी पोहोचेल.