जुनी हत्यारं साफ करा, पण त्यांचं पाणी घालवू नका

व्हिडिओ बघताना प्रमाण लिहून घ्यायचं राहून जातं, म्हणून ते इथे देतोय.

आपल्या महाळुंगे-चाकण पट्ट्यात एखादं वर्कशॉप बंद झालं की पाने, छिन्न्या, कानशी पोत्यात भरून भंगारात येतात. किलोवर घेतलेला माल साफ करून नगावर विकणं हा चांगला जोडधंदा आहे. पण बहुतेक जण पहिल्याच दिवशी ग्राइंडर हातात घेतात आणि तिथेच माल मरतो.

पान्याच्या जबड्यावर फ्लॅप डिस्क फिरवली की माप ढिलं होतं. पाना चकचकीत दिसतो, पण जोर लावला की नटावरून सटकतो आणि हात फुटतो तो तुमच्या गिऱ्हाइकाचा. छिन्नीचं आणि पटाशीचं तर वेगळंच. घासताना धार निळी पडली म्हणजे उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली, साध्या कार्बन स्टीलचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, टिकत नाही. म्हणून हलकं घासायचं आणि सारखं पाण्यात बुडवायचं.

आता गंज. आधी रॉकेल आणि ब्रशने ग्रीस काढा, कारण तेलकट जागी पुढचं काहीच लागत नाही. मग प्लॅस्टिकच्या टबात एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं. दर अर्ध्या-एक तासाने बाहेर काढून घासून बघा. रात्रभर विसरलात तर आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच पूर्ण कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात इथे पाच मिनिटं उशीर केला तरी पिवळी झाक येते.

टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड स्वस्त पडतं, पण वापरू नका. त्याच्या वाफेने दुकानातला नवा मालही गंजतो, फुप्फुसाचं तर सोडाच.

टबात काय टाकायचं नाही? स्प्रिंगा, कारण आम्लाने कडक स्टील ठिसूळ होऊ शकतं. लाकडी मुठी. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर तर अजिबात नाही. क्रोमचे पाने असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासा. वायर ब्रशने क्रोमवर ओरखडे पडतात. कानशीला पितळी ब्रश, तोही दातांच्या ओळीनेच. आणि कंपनीचा ठसा घासून काढू नका, गिऱ्हाईक आधी तोच शोधतं.

हातोडीचं डोकं हलत असेल तर पाण्यात भिजवून घट्ट करायची जुनी सवय सोडा. लाकूड वाळलं की पुन्हा ढिलं. नवीन दांडा आणि पाचर घाला.

छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलेलं असेल तर त्या कडा ग्राइंडरवर उतरवा. तिथे ग्राइंडर योग्य, कारण तीच कपची उडून डोळ्यात जाते. चष्मा लावूनच करा.

तडा गेलेला पाना, जबडा पसरलेला पाना, तोंडाची कपची उडालेली हातोडी परत भंगारात. पक्कडीला नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर चढवून 'शॉकप्रूफ' म्हणून तर कधीच विकू नका. वायरमन त्या शब्दावर विश्वास ठेवून चालू लाइनला हात घालतो. बिलावर सरळ 'जुनी पक्कड, विजेच्या कामासाठी नाही' असं लिहा आणि गिऱ्हाइकाला तोंडीही सांगा.