दाहापासून कर्करोगापर्यंत : पोटाच्या विकारांवरील संशोधन

पोटात जळजळ होणे, अपचन, वारंवार शौचास लागणे या तक्रारी इतक्या सर्वत्र आढळतात की त्यांची गंभीरपणे दखल क्वचितच घेतली जाते. तथापि, जठर आणि आतडी यांच्या विकारांवर गेल्या अर्धशतकात झालेल्या संशोधनाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. या अवयवांचा कर्करोग पुष्कळदा वर्षानुवर्षे धुमसत राहिलेल्या दाहाची अखेरची पायरी असतो. अलीकडच्या पायऱ्या वेळीच ओळखल्या, तर रोगाला वाटेतच अडविणे शक्य असते.

जठरातील जीवाणू

जठरातील तीव्र आम्लात जीवाणू तग धरू शकत नाहीत, असा वैद्यकशास्त्राचा दीर्घकाळ समज होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये दाहग्रस्त जठराच्या नमुन्यांत वळणदार जीवाणू आढळले. डॉ. बॅरी मार्शल यांच्या सहकार्याने त्यांनी ते वाढविण्याचे प्रयत्न केले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे नमुने नेहमीपेक्षा अधिक दिवस राहिले आणि जीवाणूंची वाढ दिसून आली. १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जीवाणू स्वतः प्राशन केले व त्यांच्या जठराला दाह झाला. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा हा जीवाणू युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल सौम्य करतो व त्यामुळे तगून राहतो. या शोधास २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले. १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात केला होता.

जीर्ण दाह, अस्तराची झीज, जठरात आतड्यासारख्या पेशींची वाढ, पेशींची विकृती आणि शेवटी कर्करोग हा क्रम पेलायो कोरेया यांनी मांडला. त्यास अनेक दशके लागतात. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी जीवाणूबाधित १,२४६ जणांत ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. बाधा नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून ३० वर्षे व त्यापुढील वयाच्या रहिवाशांची तपासणी करून बाधितांना प्रतिजैविके देण्यात आली. तेथे २०१८ पर्यंत या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ५३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

अर्थात, बाधा झालेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही. आहार आणि तंबाखू यांचाही त्यात वाटा असतो. भारतात मिझोराममध्ये या रोगाचे प्रमाण मोठे असून धुरावर सुकविलेले, खारविलेले मांस आणि तंबाखूच्या धुराने भारलेले ‘तुइबुर’ हे पाणी यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे.

आतड्यांचा दाह

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात. क्रोन्स रोग पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. येथे एखादा जंतू हे कारण नसून शरीराची प्रतिकारयंत्रणाच आतड्यावर उलटते. परंतु दाहातून कर्करोगाकडे जाण्याचा धोका येथेही असतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मॉर्सन व पँग यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, कर्करोगापूर्वी पेशींत होणारे बदल आतड्याचा लहानसा तुकडा तपासून ओळखता येतात. म्हणूनच मोठ्या आतड्याचा बराचसा भाग बाधित असल्यास, विकार सुरू झाल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी दुर्बिणीद्वारे नियमित तपासणी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. भारतात आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स रोग यांची लक्षणे सारखीच असतात. क्षय न ओळखता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास तो बळावतो.

वेळीच तपासणी

वजन घटणे, गिळताना त्रास होणे, काळी किंवा रक्तमिश्रित शौचास होणे, सततची उलटी, रक्तक्षय ही लक्षणे दिसताच आम्लशामक गोळ्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. घरातील कोणास जठराचा कर्करोग झाला असल्यास जीवाणूच्या तपासणीविषयी विचारावे. प्रतिजैविके सुरू केल्यास ती पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत. अर्धवट उपचाराने जीवाणू औषधांना दाद देईनासा होतो. दाह वर्षानुवर्षे चालतो, म्हणूनच त्याला रोखण्यास अवधीही मिळतो. तो अवधी दुर्लक्षात दवडू नये, हाच या संशोधनाचा बोध होय.