आखूड हातपाय आणि आईवरचा आळ

बाळाचे हातपाय आखूड दिसले की नांदेड-लातूरकडे अनेक घरांत पहिला जाब आईला विचारला जातो: ग्रहणात काय चिरलंस? ग्रहण तर एकाच वेळी हजारो गरोदर बायांच्या डोक्यावरून जातं. दोष त्याचा असता तर अशी बाळं प्रत्येक ग्रहणानंतर गावोगाव जन्मली असती. खरं कारण हाडं घडण्यात असतं. हातापायांची हाडं आधी कूर्चेची असतात. गर्भधारणेपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास सॉक्स-९ हे जनुक ठरावीक पेशींना कूर्चेच्या कामाला लावतं, आणि त्या मऊ साच्याचंच पुढे हाड होतं. टोकांजवळ उरलेली कूर्चा पौगंडावस्था संपेपर्यंत उंची वाढवत राहते. या वाढीला आवर घालतं एफजीएफआर-३ हे दुसरं जनुक. त्यातलं एक अक्षर बदललं, की आवर गरजेपेक्षा घट्ट होतो आणि हातपाय खुंटतात. हा अकॉन्ड्रोप्लेझिया, त्याचं हे कारण १९९४ साली सापडलं.

‘आमच्या सात पिढ्यांत कुणी बुटकं नाही,’ असं सासरचे म्हणतात. खरंच नसेल. अशी सुमारे ८० टक्के मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्याच पोटी येतात. बदल नव्यानं घडलेला असतो, तोही बहुतेक वेळा बापाच्या शुक्रपेशीत. (म्हणून बापाला धारेवर धरू नका, ते कुणाच्या हातात नसतं.) मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नाचाही इथे संबंध नाही. मात्र कूर्चेचे काही आजार दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात, तिथे नात्यातलं लग्न धोका नक्की वाढवतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चांगली होती म्हणून डॉक्टरांशी भांडणंही व्यर्थ. या आजारात मांडीच्या हाडाचा आखूडपणा बहुधा त्यानंतरच दिसू लागतो.

सगळं जनुकांवरच असेल तर काळजी कशाला, असंही कुणी म्हणेल. पण हृदयाची झडप बदललेल्या बाईचं वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाच्या कूर्चेला इजा करू शकतं. ते मनानं बंद करणं जिवावर बेतेल, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा. अकॉन्ड्रोप्लेझियाच्या बाळाला घाईनं बसवू नका. झोपेत श्वास अडत असेल तर लगेच दाखवा. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी नांदेडमधल्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन जनुकीय तपासणी कुठे होईल ते विचारा, आणि जाताना नवराबायको दोघेही जा.