सोरायसिस आणि वेगळा टॉवेल

प्रश्न : माझ्या पतींना कोपरांवर व डोक्यात सोरायसिस आहे. सासूबाई त्यांचा टॉवेल, कंगवा वेगळा ठेवतात. मुलांना लागण होईल का? मध्यंतरी एका डॉक्टरांच्या गोळ्यांनी आठवड्यात चट्टे गेले, पण त्या संपताच दुपटीने आले. पुन्हा सुरू कराव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, टॉवेल वेगळा ठेवायची मुळीच गरज नाही. सोरायसिस जंतू किंवा बुरशीमुळे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि एरवी साधारण महिनाभरात नवी होणारी त्वचा तीन-चार दिवसांतच वर ढकलली जाते; कच्च्या पेशींचा साचलेला थर म्हणजे तो चंदेरी पापुद्रा. ‘मग एकाच घरात दोघांना कसा होतो?’ असे सासूबाई विचारतील. तो आनुवंशिक कल. मुलांना शक्यता थोडी वाढते, होईलच असे नाही. कंगव्याचा त्यात काही हात नाही.

गोळ्यांचे तुम्ही केलेले वर्णन स्टेरॉइडशी जुळते. गुण झटपट येतो खरा, पण पोटातले स्टेरॉइड थांबताच आजार उसळतो, क्वचित अंगभर पुवाचे फोड येतात. म्हणून त्या स्वतःहून सुरू करू नका; रिकामे पाकीट घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एवढ्या चट्ट्यांना बहुधा मलम आणि कोल टारचा शाम्पू पुरतो, नाहीतर प्रकाशोपचार किंवा मेथोट्रेक्सेट. ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आंघोळीनंतर ओलसर अंगालाच व्हॅसलीन लावा, खपल्या नखाने काढू नका. सकाळी बोटे आखडत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. हा आजार सांध्यांतही उतरतो.