गाठ दोन महिने थांबते, पीळ थांबत नाही

प्रश्न : माझ्या मुलीच्या (वय 22) उजव्या अंडाशयात 6 सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू. शेजारीण म्हणते, अशी गाठ पिळली की रातोरात ऑपरेशन करावं लागतं. मुलगी रोज लोकलने पुण्याला कामाला जाते. खरं कुणाचं मानू?
– एक आई, घोरावाडी

उत्तर : दोघांचंही. पाण्याने भरलेल्या साध्या गाठी बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात, म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं ते योग्यच. पण शेजारीणबाईही उगाच घाबरवत नाहीत.

अंडाशय पोटात घट्ट बसवलेलं नसतं; शिंक्यातल्या गाडग्यासारखं ते बंधांवर टांगलेलं असतं. एरवी जेमतेम 3 सेंटिमीटर लांबीचं. त्यात संत्र्याएवढी गाठ वाढली की गाडगं जड होतं, डुलतं आणि कधीतरी गिरकी घेतं. बंधाबरोबर त्यातल्या रक्तवाहिन्याही पिळल्या जातात. पातळ भिंतीची शीर आधी दबते, धमनी काही काळ तग धरते. म्हणजे रक्त आत येतं, बाहेर पडत नाही. अंडाशय सुजून काळं-निळं होतं. उजवीकडे हे जास्त घडतं, कारण डावीकडची जागा मोठ्या आतड्याने अडवलेली असते. त्यामुळेच अपेंडिक्स समजून घोटाळा होतो.

गाठ जितकी मोठी तितकी पिळण्याची भीती जास्त, असंही नाही. पोट व्यापणाऱ्या गाठीला फिरायला जागाच उरत नाही. 1809 मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या एफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांची 22 पौंडांहून जड गाठ काढली, तीही भूल न देता. ऑपरेशनसाठी त्या बाई साठ मैल घोड्यावरून आल्या होत्या. गाठ पिळलेल्या बाईला साठ पावलं चालणंही जड जातं.

ओटीपोटात एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि लगोलग उलट्या, ही पिळाची खूण. कळ येते, ओसरते, पुन्हा येते, कारण पीळ थोडा सुटतो आणि परत बसतो. ओवा-हिंग देऊन बरं वाटलं म्हणून घरी थांबणं, ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक. रक्तप्रवाह तपासणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत प्रवाह दिसला तरी पीळ नाहीच, असं ठरत नाही. गाठ फुटून आत रक्तस्राव झाला, तर भोवळ येते, घाम फुटतो, कधी खांदासुद्धा दुखतो. लग्न झालेलं असो वा नसो, गर्भधारणेची तपासणी करतातच. त्यावर रागावू नका, गर्भनलिकेत राहिलेला गर्भही असाच दुखतो.

वेळेत पोहोचलं तर दुर्बिणीतून पीळ सोडवून गाठ तेवढी काढता येते. काळं पडलेलं अंडाशयही पुष्कळदा पूर्ववत होतं, म्हणून या वयात ते वाचवण्याबद्दल सर्जनना जरूर विचारा.

कळ उठली तर पोट चोळू नका, काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. लोकलची वाट न पाहता 108 ला फोन करा; पुढच्याच स्टेशनावर, तळेगावात, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये आजच ठेवा, आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा : उजव्या अंडाशयात 6 सेंटिमीटरची गाठ आहे, शेवटची पाळी अमुक तारखेला आली.