रक्तकर्करोगाच्या पेशी मेंदूपर्यंत कशा पोहोचतात?

अमरावती-अकोला भागातून उपचारासाठी मुंबई वा नागपूरला जाणाऱ्या बालरुग्णांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. ताप उतरला, रक्ताचा अहवाल चांगला आला, मूल खेळू लागले. मग पाठीतून पाणी काढून तेथे औषध कशासाठी टोचावयाचे?

शंका रास्त आहे. रक्तकर्करोगाच्या पेशी रक्ताबरोबर सर्वत्र फिरतात. परंतु त्या कोणत्या अवयवात शिरून ठाण मांडतात, हे काही अंशी त्यांच्या जनुकांतील उत्परिवर्तनांवरही अवलंबून असू शकते. टी-पेशींचा तीव्र रक्तकर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतीय मुलांत अधिक आढळतो. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ‘नॉच-१’ या जनुकात उत्परिवर्तन असते, हे २००४ मध्ये उघड झाले. निरोगी पेशीला हे जनुक वाढीची आज्ञा वेळेपुरतीच देते; बिघडल्यावर आज्ञा थांबत नाही. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर ‘सीसीआर-७’ हा ग्राहक वाढतो, असे २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील एक प्रथिन या ग्राहकाला ओढून घेते आणि पेशी मेंदूच्या आवरणांत शिरते. ज्या पेशींत हा ग्राहक नव्हता, त्यांना तेथे शिरकाव करता आला नाही. बी-पेशींच्या प्रकारात तर पेशी मणक्यांच्या अस्थिमज्जेतून निघणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या बाहेरील अंगास धरून थेट आवरणांत उतरतात, हे २०१८ मध्ये, तेही उंदरांतच, आढळले.

उत्परिवर्तन म्हणजे प्रारब्ध नव्हे. नॉच-१ बिघडलेल्या अनेक मुलांत प्रारंभीच्या उपचारांचा गुण उलट चांगला येतो.

मात्र आवरणांत दडलेल्या पेशी रक्ततपासणीत दिसत नाहीत आणि शिरेतून दिलेली बहुतेक औषधे तेथवर पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणूनच टाटा स्मारक रुग्णालयात राबविलेल्या ‘एमसीपी-८४१’ उपचारपद्धतीतही पाठीच्या कण्यातून औषध देणे समाविष्ट होते. या सुईने पाय लुळे पडतात, ही भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे. वास्तविक मज्जारज्जू जेथे संपतो, त्याच्या खाली, कंबरेत सुई टोचतात. नंतर काही काळ डोके दुखू शकते, इतकेच बहुधा घडते.

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ठरलेली तारीख चुकते, हे आम्ही जाणतो. तसे होणार असल्यास उपचारकेंद्रास आधी कळवून लगतची तारीख घ्यावी. सतत डोकेदुखी, सकाळची उलटी किंवा नव्याने आलेला तिरळेपणा दिसल्यास मात्र तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मुलास दाखवावे.