डोकेदुखी आणि रोजची गोळी

डोके दुखले की आपण दुकानातून गोळी आणतो, पाण्याबरोबर घेतो आणि कामाला लागतो. कधीमधी घेतली तर यात वावगे काही नाही. पण गोळी रोजचीच झाली म्हणजे तीच डोकेदुखीचे कारण बनते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

असे केव्हा घडते? अर्धशिशीसारखा त्रास मुळातच असलेल्या माणसाने पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर. मग महिन्यातले निम्मे दिवस डोके दुखू लागते.

अशा रुग्णाला इस्पितळात ठेवल्यावर डॉक्टर प्रथम ती गोळी बंद करतात. त्यानंतर साधारण २ ते १० दिवस दुखणे व मळमळ वाढते. म्हणून गरजेप्रमाणे सलाईन आणि उलटीवरचे औषध देतात. दुखणे पुन्हा उठू नये यासाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा अमिट्रिप्टिलीनसारखे औषध सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. दमा असल्यास आधीच सांगावे.

घरी आपण एवढे करू या : गोळी घेतली त्या दिवसावर कॅलेंडरात खूण करावी. आठवड्यात दोनांहून अधिक खुणा होऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे.

मात्र डोके एकाएकी असह्य दुखू लागले, तापाबरोबर मान ताठली, हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर गोळीवर विसंबू नये. रुग्णाला तडक इस्पितळात न्यावे.